ऑक्सिजन ९८ आहे, बाई

कपाशीवर फवारणी सुरू असते त्या दिवसांत आमच्या भागात रात्री कुणी तरणा माणूस घामाघूम होऊन, डोळ्यानाकातून पाणी गाळत, तळमळत दवाखान्यात आला की ड्युटीवरचे डॉक्टर आधी त्याच्या तोंडाचा वास घेतात. मग टॉर्च मारून बाहुली बघतात. बाहुली बारीक झालेली दिसली की नळी टाकून पोट धुवायची तयारी सुरू. यवतमाळ जिल्ह्यात राहणाऱ्याला याचं कारण सांगावं लागत नाही. २०१७च्या हंगामात याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २०हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो भरती झाले. शिवाय ते औषध मुद्दाम घेणारे दरवर्षी असतात, ते वेगळेच. तेव्हा डॉक्टरांनी "काही घेतलं का?" हे पहिल्यांदा विचारलं, यात मला तरी काही वावगं वाटत नाही.

डोकेदुखीचा झटका आलेल्या माझ्या नवऱ्याला तो प्रश्न विचारला गेला तेव्हा हे उत्तर द्यायच्या अवस्थेत नव्हते. उजवा तळहात डोळ्यावर गच्च दाबून दारापासून इंजेक्शनच्या ट्रॉलीपर्यंत फेऱ्या मारत होते. मधेच भिंतीला कपाळ टेकवायचे, पुन्हा चालायला लागायचे. "डोया फुटून रायला माह्या, काई तरी करा ना सर," एवढंच तोंडातून निघत होतं. सिस्टर म्हणाल्या, आधी पेशंटला झोपवा. ते शक्यच नव्हतं. डॉक्टर माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "घरी काही झालं का? खरं सांगा, आम्ही कुणाला सांगत नाही." नळी ट्रॉलीवर आलेली होती.

"सर, एकाच डोळ्यातून पाणी येतंय, बघा ना," मी म्हटलं.

त्यांनी खरोखरच बघितलं, हे सांगायला हवं. उजवा डोळा लालभडक, पापणी सुजून खाली आलेली, बाहुली बारीक, उजवीच नाकपुडी वाहतेय. डावी बाजू कोरडी, डावी बाहुली जशी असायची तशी. विष पोटात गेलं तर ते दोन्ही डोळ्यांत दिसतं. नळी परत गेली. मग दुखणं थांबवायला डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन, पोटासाठी एक इंजेक्शन, सलाईन. तासाभरात दुखणं ओसरलं आणि केसपेपरवर 'मायग्रेन' लिहून आम्हाला सोडण्यात आलं. इंजेक्शनने गुण आला असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं असतं. पण घरी इंजेक्शनशिवायसुद्धा ते तासा-दीड तासात असंच ओसरताना मी पाहिलेलं होतं.

या आजाराची हीच लबाडी आहे. तो आपोआप थांबतो, त्यामुळे त्या वेळी जो कुणी समोर असेल त्याला श्रेय मिळतं. यांचा सिझन पोळ्यानंतर सुरू व्हायचा आणि दिवाळीच्या आगेमागे संपायचा. एका वर्षी दाताच्या डॉक्टरांनी उजवीकडची वरची दाढ काढली, आणि आठवड्याभरात डोकं थांबलं. पुढच्या वर्षी दाढ नव्हती, डोकं होतं. मग नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी सायनस म्हणून औषधं दिली, कुणी चष्म्याचा नंबर बदलला, सासूबाईंनी कुणाला विचारून अमावस्येला उतारा टाकला. थांबलं की ज्याचा उपाय शेवटचा, त्याचा विजय. आमच्या घरात तो मान बराच काळ उताऱ्याकडे होता, कारण दिवाळीच्या अमावस्येशी त्याचं गणित बरोबर जुळायचं.

निदान नागपूरला झालं, धंतोलीत. न्यूरॉलॉजिस्टनी यांना काही विचारायच्या आधी मलाच विचारलं, "दुखायला लागलं की हे काय करतात? अंधारात पडून राहतात, की उठून फिरतात?" मी गोठ्याभोवतीच्या फेऱ्या सांगितल्या. रात्री दीडच्या सुमारास उठणं, झोप लागून तासभर-दीड तास झालेला असणं, सागवानी खांबावर डोकं आपटणं. मायग्रेनचा माणूस हलत नाही, त्याला उजेड नको, आवाज नको. या आजाराचा माणूस एका जागी थांबू शकत नाही. नेमकी हीच गोष्ट आजवर एकाही केसपेपरवर उतरली नव्हती. उलट तिच्यामुळेच "दारू घेतली आहे का?" हा प्रश्न ठरलेला असायचा. यांना म्हणाले, कसं दुखतं सांगा. हे म्हणाले, "कोणीतरी डोयात तुतारी खुपसून फिरवून रायलं असं." डॉक्टर विदर्भातलेच होते, बैल हाकायची तुतारी त्यांना माहीत होती.

आजाराचं नाव क्लस्टर हेडेक. एकाच बाजूला, डोळ्याच्या मागे किंवा कानशिलात, १५ मिनिटांपासून ३ तासांपर्यंत टिकणारं दुखणं. दिवसाआड एकदा ते दिवसातून ८ वेळा. काही आठवडे किंवा महिने हे चालतं, मग माणूस महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं ठणठणीत. घड्याळ लावल्यासारखं ठरल्या वेळी आणि ठरल्या ऋतूत येतं, कारण शरीराचं घड्याळ मेंदूच्या ज्या भागात असतं त्या हायपोथॅलॅमसशी त्याचा संबंध आहे. लंडनच्या संशोधकांनी दुखणं चालू असताना मेंदूचे पेट स्कॅन घेतले आणि हा भाग जागा झालेला दाखवला. १९९८ साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. हजारात साधारण एकाला होतो, बायकांपेक्षा पुरुषांना जास्त. म्हणजे लाखभर वस्तीच्या तालुक्यात शंभरेक माणसं असायला हवीत. ती कुठे आहेत, याचा मी पुष्कळदा विचार करते. काहींच्या दाढा गेल्या असतील. काहींना गावाने दारुडा ठरवलं असेल. या दुखण्यात जीव नकोसा होतो, हे जगभरच्या डॉक्टरांना ठाऊक आहे. आमच्या जिल्ह्यात कुणी जीव दिला तर कारणाच्या रकान्यात कर्ज लिहिलं जातं, डोकं कुणी लिहीत नाही.

धंतोलीच्या डॉक्टरांनी आधी एमआरआय करून घेतला, दुसरं काही नाही याची खात्री केली. मग सिझनभर दुखणं येऊच नये यासाठी व्हेरापामिल सुरू केलं. ते हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतं, म्हणून डोस वाढवायच्या आधी दर वेळी ईसीजी. सुरुवातीचे थोडे दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या. दारू सिझनमध्ये थेंबभरसुद्धा नाही, कारण त्या दिवसांत ती घेतली की बहुतेकांना तासाभरात झटका येतो. आणि झटका आलाच तर दोनच गोष्टी: सुमाट्रिप्टानचं ६ मिलिग्रॅमचं कातडीखाली द्यायचं इंजेक्शन, किंवा ऑक्सिजन. गोळ्या गिळून उपयोग नाही, गोळी पोटातून रक्तात पोचेपर्यंत झटका आपली मुदत संपवून गेलेला असतो.

ऑक्सिजन म्हटल्यावर मी गोंधळले. यांना तर दम लागत नाही. डॉक्टर म्हणाले, "इथे तो हवा म्हणून नाही द्यायचा, औषध म्हणून द्यायचा." १०० टक्के ऑक्सिजन, मिनिटाला १२ ते १५ लिटर, पिशवीवाल्या मास्कमधून, १५ ते २० मिनिटं, बसवून. २००९ साली अमेरिकेतल्या 'जामा' या नियतकालिकात लंडनचाच एक अभ्यास आला होता: मिनिटाला १२ लिटर ऑक्सिजन दिल्यावर पंधरा मिनिटांत ७८ टक्के झटके थांबले किंवा पुरेसे उतरले, सिलेंडरमधून साधी हवा दिल्यावर २० टक्के. एवढं स्वस्त, एवढं निरुपद्रवी औषध. आणि २०२१च्या त्या उन्हाळ्यानंतर ऑक्सिजन नाही असा दवाखाना राहिला नाही. मला वाटलं, आता सुटलो.

पुढचा झटका मोठा होता, सुमाट्रिप्टान गावात मिळणं शक्य नव्हतं, शेजाऱ्यांच्या बोलेरोतून आम्ही निघालो. पोचल्या पोचल्या मी म्हटलं, यांना ऑक्सिजन लावा. सिस्टरनी बोटाला चिमटा लावला, आकडा बघितला आणि म्हणाल्या, "ऑक्सिजन ९८ आहे, बाई. कायले लावू?"

मी नागपूरच्या डॉक्टरांचं सांगितलं. डॉक्टर आले, तेही म्हणाले, सॅच्युरेशन नॉर्मल आहे. मी पुन्हा सांगितलं. तेव्हा माझं समाधान व्हावं म्हणून नाकातली नळी लावली आणि मिनिटाला दोन लिटर सोडले. हे नळी ओढून फेकत होते, कारण त्यांना बसवत नव्हतं. आणि दोन लिटरने होणारही काही नव्हतं, नाकातून तेवढा सोडला तर श्वासात बाहेरची हवाच जास्त जाते. "बघा, पेशंटलाच नको आहे," असं म्हणून ती काढली. पुन्हा डायक्लोफेनॅक. "तुम्ही जरा बाहेर थांबा, ताई." शाळेत मुलांना एक गोष्ट चार वेळा समजावून सांगायची मला सवय आहे. तिथे दोनदा सांगितलं तर बाई हुज्जत घालते असं होतं.

त्या चिमट्याबद्दल माझं मत सांगते. कोरोनाने आपल्याला तो आकडा शिकवला. ९४च्या खाली गेला की धावपळ, वर असला की घरी जा. त्याने पुष्कळ जीव वाचवले, आणि त्याच वेळी ऑक्सिजन म्हणजे कमी पडलेलं भरून काढायची वस्तू हेही आमच्या सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं, सिस्टरांच्याही, माझ्याही. दुखण्याला तसा आकडा नाही. त्याच रात्री शेजारच्या कॉटवर सर्पदंशाचा एक मुलगा होता, त्याच्या पायाची सूज डॉक्टर पट्टीने मोजत होते. एकटे डॉक्टर, एक सिस्टर, दारात आणखी एक अपघात. ज्याचं काही मोजता येतं त्याच्याकडे ते धावणार, आणि मी त्यांच्या जागी असते तर मीही त्या मुलाकडेच गेले असते. पण सिलेंडर भिंतीला टेकून उभा होता. मास्क कपाटात होता. वीस मिनिटं बसवून ठेवायला खुर्चीसुद्धा होती. एवढं सगळं असताना तो माणूस फेऱ्या मारत राहिला, याचा राग मात्र माझ्या मनातून गेलेला नाही.

न्यूरॉलॉजिस्टना फोनवर हे सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, मी पत्र देतो. लेटरहेडवर, सही-शिक्का, रजिस्ट्रेशन नंबर. आजाराचं नाव, यांचा फोटो, एमआरआयची तारीख. ऑक्सिजन किती लिटर, कोणत्या मास्कने, किती मिनिटं. आणि खाली अधोरेखित करून: एसपीओटू, म्हणजे चिमट्यावरचा तो आकडा, नॉर्मल असला तरी द्यावा. दमा किंवा फुप्फुसाचा जुनाट आजार नाही, हेही लिहिलं, कारण तशा पेशंटला जास्त ऑक्सिजन देताना डॉक्टरांना सांभाळावं लागतं आणि ती शंका त्यांना येणारच. हृदयविकार नाही, बीपी आटोक्यात, म्हणून सुमाट्रिप्टान चालेल, हेही. ट्रामाडोलसारखी अफूच्या जातीची वेदनाशामक इंजेक्शनं टाळावीत. झेरॉक्सच्या दुकानात मी ते लॅमिनेट करून घेतलं. एक प्रत बोलेरोच्या मालकाकडेही आहे.

झटका आलेल्या माणसाला स्वतःची बाजू मांडता येत नाही, आणि सोबतच्या बाईचं ऐकलं जाईलच असं नाही. कागदाचं ऐकतात. तोंडी सांगणं म्हणजे नातेवाइकांचा हट्ट. तेच शिक्क्यानिशी आलं की ती डॉक्टरी ऑर्डर होते, ती पाळणारा सुरक्षित आणि न पाळणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं. रात्री एकट्याने कॅज्युअल्टी सांभाळणाऱ्या, नुकत्याच पास झालेल्या पोराला असा आधार लागतोच.

पुढच्या वेळी ड्युटीवर बाँडवर आलेले एक डॉक्टर होते, लातूरकडचे असावेत बोलण्यावरून. त्यांनी पत्र उभ्या उभ्या दोनदा वाचलं, मोबाइलवर काही तपासलं आणि सिस्टरना म्हणाले, "एनआरबीएम काढा. पंधरावर." एनआरबीएम म्हणजे तो पिशवीवाला मास्क. सिस्टर म्हणाल्या, "सर, पंधरा?" सिलेंडरच्या मीटरमधली ती छोटी गोळी मी तोवर दोन-तीनच्या वर गेलेली पाहिली नव्हती. ती चढत चढत पार टोकाला गेली. पाण्याची बाटली खदखदायला लागली, शिट्टी वाजली, सर्पदंशाच्या वॉर्डातले दोघे-तिघे दारात येऊन बघायला लागले. डॉक्टरांनी मास्कच्या आतल्या झडपेवर अंगठा धरून आधी पिशवी टम्म फुगवली, मग मास्क यांच्या तोंडावर बसवला, नाकावरची पट्टी चिमटीने दाबली, कडेने हवा निघते का ते बघितलं. "पिशवी चपटी होऊ द्यायची नाही. श्वास घेतला की थोडी आत गेली पाहिजे, पण रिकामी नाही झाली पाहिजे." डॉक्टर हे मला सांगत होते, बाहेर थांबा म्हणाले नाहीत. हे खुर्चीवर पुढे वाकून, कोपरं मांडीवर टेकून बसले. पाय सारखे हलत होते. काही मिनिटांनी एक पाय थांबला. मग त्यांनी डोळ्यावरचा हात काढला आणि पहिल्यांदाच आजूबाजूला बघितलं, आपण कुठे आहोत ते. मास्कच्या आतून म्हणाले, "उतरून रायलं."

तरीपण दर रात्री तालुक्याला जाणं हा काही इलाज नव्हे. झटका यायला लागला की दहा मिनिटांत शिखरावर. गाडी काढणं, नाल्यावरचा पूल, पावसाळ्यात तो पाण्याखाली. आम्ही पोचेपर्यंत अर्धी लढाई हे एकट्यानेच गाडीच्या मागच्या सीटवर लढलेले असतात. कधी तर दारात पोचता पोचता उतरायला लागतं आणि आपण उगाच रात्री सगळ्यांना उठवलं असा चेहरा करून उभं राहावं लागतं. शहरात दवाखाना दहा मिनिटांवर असतो, त्यांच्यासाठी कॅज्युअल्टी ठीक. आमच्यासाठी कॅज्युअल्टीच घरी आणणं भाग होतं, त्याच पत्राच्या जोरावर.

गावात बातमी फुटल्यावर सरपंचांनी आपणहून निरोप पाठवला, ग्रामपंचायतीत कोरोनातलं ऑक्सिजनचं मशीन पडून आहे, घेऊन जा. भला माणूस. पण ते मशीन मिनिटाला पाच लिटर देतं, दहावालं असतं तरी पुरलं नसतं. सिलेंडरच हवा. बी-टाइप, म्हणजे लहान सिलेंडर, त्यात साधारण १५०० लिटर. पंधरा लिटरने शंभर मिनिटं, म्हणजे पाच-सहा झटके. जंबोत ७००० लिटर बसतात, पण तो हलवायला दोन माणसं लागतात आणि तो आमच्या माजघरात मावत नाही. भरून आणायला यवतमाळ. रेग्युलेटर घेताना पंधरापर्यंत जाणारा आहे ना, हे बघून घ्यावं लागतं.

घरात सिलेंडर आल्यावर सासूबाईंचं देवघर सरकलं. निरांजन, उदबत्ती, चूल, बिडी, काहीच त्या खोलीत नाही. रेग्युलेटरच्या आट्यांना तेल-ग्रीस लागता कामा नये, आणि आमच्याकडे ट्रॅक्टर असल्यामुळे यांच्या हाताला ग्रीस नाही असा दिवस क्वचितच. संध्याकाळी साबणाने हात धुतले की नाही हे मी आता विचारते, मुलांना विचारते तसं. वेल्डिंगवाल्याकडचा ऑक्सिजन चालेल का, असं एका नातेवाइकाने सुचवलं होतं. चालत नाही. माणसासाठीचा भरताना त्याची तपासणी होते, आणि वेल्डिंगच्या सिलेंडरात आधी काय होतं ते कुणी लिहून ठेवत नाही.

दवाखान्याशी संबंध तुटला असं मात्र नाही. सिलेंडर संपतो, झटका दोनदा येतो, कधी वीस मिनिटांनीही उतरत नाही. आणि डोकं दरवेळी तेच असतं असंही नाही. न्यूरॉलॉजिस्टनी मला बजावलेलं आहे: दुखणं नेहमीपेक्षा वेगळं वाटलं, क्षणात आभाळ कोसळल्यासारखं आलं, ताप आला, मान आखडली, बोलणं अडखळलं किंवा नजर धूसर झाली, तर मास्क लावत बसायचं नाही, सरळ १०८. डोळा लाल होऊन दुखणं काचबिंदूच्या झटक्यातही होतं, तिथे उशीर केला तर डोळा जातो. म्हणून कुणी फोनवर लक्षणं सांगून सिलेंडर कुठे मिळतो असं विचारलं, तर मी पत्ता देत नाही. आधी नागपूर किंवा सेवाग्राम गाठा, एमआरआय करा, पत्र घ्या म्हणते.

असे फोन येतात आता. परवा मारेगावकडच्या एका बाईंचा आला. म्हणाल्या, तुमच्याकडे डोक्याचा इलाज आहे असं ऐकलं, आमच्या यांचं सायनस आहे, रात्रीचंच दुखते. मी त्यांना धंतोलीतला तो प्रश्न विचारला. पलीकडे थोडा वेळ काही नाही. मग म्हणाल्या, "फिरते ना बाई. आंगनात फिरते. लोकाईले वाटते पिऊन आला." त्यांचा एमआरआय झाला, निदान तेच निघालं, पत्रही मिळालं. आता अडलंय ते मास्कवर. त्यांच्या गावचा मेडिकलवाला मास्क म्हटलं की वाफ घ्यायचा मास्क काढून देतो, पिशवी नसलेला. दुकानदाराला दाखवायला मी आमच्या मास्कचा फोटो पाठवला, तर त्याने सांगितलं, हा कोरोनात यायचा, आता कोणी मागत नाही, डझनाची ऑर्डर असेल तर मागवतो. मी म्हटलं मागवा. दोन आम्हाला लागतील, दोन त्यांना, उरलेले मी शाळेच्या कपाटात ठेवते. तालुक्यात शंभर माणसं असायला हवीत, त्यांतली दोनच तर आत्ता सापडली आहेत.